झाडपाल्यात दम आहे, म्हणूनच जपून

सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीत फ्लोरिझिन नावाचं एक कडवट रसायन असतं. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८३५ साली ते वेगळं काढलं. कडू साल म्हटली की त्या काळी आधी ताप आठवायचा, कारण सिंकोनाची साल हिवतापावर लागू पडत होती. म्हणून फ्लोरिझिनही तापावर देऊन पाहिलं गेलं. पुढे १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टराला त्याचा भलताच गुण दिसला. फ्लोरिझिन दिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. लघवीतून साखर जाणं हे मधुमेहाचं लक्षण, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं हे रसायन प्रयोगशाळेत प्राण्यांना मधुमेहासारखी अवस्था आणण्यासाठी वापरलं गेलं. त्याचा उलटा उपयोग होऊ शकेल हे सुचायला शंभर वर्षं जावी लागली. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांना फ्लोरिझिन दिलं, तेव्हा त्यांची रक्तातली साखर तर उतरलीच, शिवाय इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसादही सुधारला.

यामागची यंत्रणा समजायला अवघड नाही. आपल्या मूत्रपिंडांमधून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि निरोगी माणसात ते जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. या ओढाओढीतलं नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. फ्लोरिझिन त्यालाच अडवतं. मग जादा साखर रक्तात परत न येता लघवीवाटे निघून जाते.

असं असेल तर सफरचंदाच्या सालीचा काढा का घेऊ नये? घेऊन उपयोग होत नाही म्हणून. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे आतड्यातलं विकर (एन्झाइम) फ्लोरिझिनही तोडून टाकतं, त्यातून जे वाचतं ते नीट शोषलं जात नाही. वर फ्लोरिझिन आतड्यातल्या एसजीएलटी-१ या भाऊबंदालाही अडवतं, त्यामुळे साखर आतड्यातच राहते आणि जुलाब लागतात. रसायनशास्त्रज्ञांनी मग या रेणूला हात घातला. साखरेचा भाग ज्या ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेला होता तो काढून तिथे थेट कार्बनचा जोड दिला, कारण हा जोड आतड्यातल्या विकराला तोडता येत नाही. बाकीची रचना अशी बदलली की रेणूने आतड्याला फारसा त्रास न देता मूत्रपिंडात जाऊन काम करावं. त्यातून निघालेल्या डापाग्लिफ्लोझिनला २०१२ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. त्याच कुळातल्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी सात हजारांहून जास्त रुग्णांवर झाली आणि २०१५ मध्ये तिचा निकाल आला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते.

टाइप टू मधुमेहावर ‘काहीतरी हर्बल’ शोधणाऱ्यांना मी हीच गोष्ट आधी सांगतो. झाडांमध्ये साखर उतरवणारी रसायनं आहेत यात शंकाच नाही. मधुमेहावर लोक जगभर कोणत्या ना कोणत्या काळी वापरत आलेल्या वनस्पतींची १९९५ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा आकडा १२०० प्रजातींच्या वर गेला होता. वनस्पतीत गुण आहे की नाही, हा वाद त्यामुळे मला निरर्थक वाटतो. पाहायचं ते एवढंच, की तो गुण डब्यातल्या कॅप्सूलमध्ये किती उरलाय, माणसाच्या शरीरात किती पोचतोय आणि सोबत आणखी काय घेऊन येतोय.

मेंढ्यांना मारणारं झुडूप

मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीची कूळकथाही झाडापासूनच सुरू होते. गलेगा ऑफिसिनालिस हे जांभळ्या फुलांचं, शेंगा येणारं झुडूप. १८९१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात ते चारा म्हणून मुद्दाम लावलं गेलं. पण ते मेंढ्यांना विषारी ठरलं आणि पसरलंही बेसुमार. आज अमेरिकेत ते उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे. त्याच्या विषाचं आणि औषधी गुणाचं मूळ एकच आहे, ते म्हणजे गलेगिन हे ग्वानिडिन कुळातलं रसायन. ग्वानिडिनने सशांची साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसलं. १९२० च्या दशकात गलेगिन मधुमेही माणसांनाही देऊन पाहिलं गेलं. साखर उतरली, पण परिणाम फार वेळ टिकेना आणि विषारीपणा नडला. त्याच धर्तीवर बनवलेली सिंथॅलिनसारखी औषधंही यकृताला बाधत असल्याने बाद झाली.

मेटफॉर्मिन मात्र तोवर तयार होऊन पडलं होतं. डब्लिनमध्ये एमिल वेर्नर आणि जेम्स बेल यांनी ते १९२२ मध्येच बनवलं होतं. ते माणसांना पद्धतशीर देऊन त्याचे निष्कर्ष छापायला १९५७ साल उजाडलं. ते काम फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी केलं. अमेरिकेने तर १९९४ च्या अखेरीपर्यंत त्याला दारात उभं ठेवलं.

या १९९४ सालाची एक गंमत आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत आहारपूरकांचा नवा कायदा झाला. त्यानुसार वनस्पतीचा अर्क ‘पूरक’ म्हणून विकायचा असेल, तर तो उपयोगी पडतो हे विक्रीआधी सिद्ध करून दाखवावं लागत नाही. त्यावर अमुक रोग बरा होतो असं लिहिता येत नाही. ‘साखरेची निरोगी पातळी राखायला मदत’ असं मोघम लिहिलेलं चालतं. म्हणजे झाडावरून सुचलेला एक रेणू सत्तर वर्षांच्या तपासण्या पार करून दुकानात पोचला, आणि त्याच वर्षी त्याच्या शेजारच्या फळीवर तपासणीविना बसायची सोय बाकी सगळ्या झाडपाल्यासाठी झाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्या अनेकांना पोटाचा त्रास होतो, दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हे आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी मोजलं म्हणून. कॅप्सूलच्या डब्यावर दुष्परिणाम छापलेले नसतात, याचा अर्थ बहुतेक वेळा ते कुणी मोजलेलेच नसतात.

दालचिनीचे चाळीस दिवस

पूरकांमध्ये दालचिनीचा बोलबाला झाला तो २००३ च्या एका चाचणीमुळे. पाकिस्तानात टाइप टू मधुमेहाच्या ६० रुग्णांवर ती झाली. रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी, आणि तुलनेला तेवढ्याच नकली, म्हणजे औषध नसलेल्या कॅप्सूल. चाळीस दिवसांनी दालचिनी घेणाऱ्या गटांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली होती. आकडा डोळे दिपवणारा होता आणि बातमी जगभर गेली.

पण बारकाईने पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. साठ माणसं सहा गटांत वाटलेली, म्हणजे एका गटात अवघी दहा. आणि मात्रा सहापट वाढवली तरी परिणाम जवळपास तेवढाच. औषध खरंच काम करत असेल तर साधारणपणे मात्रेबरोबर परिणामही वाढताना दिसतो, निदान एका मर्यादेपर्यंत. यानंतर युरोप-अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत तो चमत्कार पुन्हा दिसला नाही. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने एकूण ५७७ जणांवरच्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए-वन-सीमध्ये, दालचिनी आणि नकली गोळी यांच्यात दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. उपाशीपोटीची साखर थोडी उतरते, असं म्हणणारी विश्लेषणं नंतरही आली. पण तीन महिन्यांच्या आकड्याची गाडी तिथेच अडून राहिली.

दालचिनीत आणखी एक पेच आहे. स्वस्त मिळणारी बहुतेक दालचिनी कॅशिया जातीची असते आणि तिच्यात कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य भरपूर असतं. काही माणसांच्या यकृताला ते बाधतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी कुमारिनची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेच्या हिशोबाने ६० किलोच्या माणसाने कॅशिया दालचिनी रोज २ ग्रॅम घेतली की ही मर्यादा भरते. त्या गाजलेल्या चाचणीतली सर्वांत मोठी मात्रा याच्या तिप्पट होती. श्रीलंकेत होणाऱ्या खऱ्या दालचिनीत कुमारिन नावापुरतंच असतं, पण पूड झाली की ती कोणत्या सालीची हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. स्वयंपाकातल्या चिमूटभर दालचिनीला यातलं काहीच लागू नाही. प्रश्न रोज मोजून गिळायच्या कॅप्सूलचा आहे.

मेथीबद्दल माझं मत जरा बरं आहे. मेथीदाण्याचं जवळपास निम्मं वजन तंतूंचं असतं आणि त्यातला गॅलॅक्टोमॅनन हा भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. पोटातही तो हेच करतो. अन्न घट्ट होतं, साखर आतड्यातून रक्तात हळूहळू झिरपते आणि जेवणानंतरची उसळी बसकी होते. शिवाय मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्ल आहे. प्रयोगांमध्ये ते इन्सुलिनचा स्राव वाढवतं, आणि तेही साखर चढलेली असतानाच. मेथीवरच्या चाचण्या लहान आहेत, कुणी दोन-पाच ग्रॅम देतं तर कुणी शंभर, त्यामुळे नेमका आकडा सांगणं कठीण. तरी कल साखर थोडी उतरण्याकडे आहे. मात्र हे बरंचसं तंतूंचं काम आहे आणि तंतूंचं काम वजनावर चालतं. अर्ध्या ग्रॅमच्या ‘मेथी अर्क’ कॅप्सूलमध्ये तो बुळबुळीतपणा मावणार कुठे? इथे आख्खे दाणे कॅप्सूलपेक्षा उजवे, आणि हे विकणारा सांगणार नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र मेथीचा मोठा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

कारल्याची थेट मेटफॉर्मिनशी तुलना थायलंडमध्ये झाली. २०११ मध्ये छापल्या गेलेल्या या चार आठवड्यांच्या चाचणीत वाळवलेल्या कारल्याच्या ५००, १००० आणि २००० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा होत्या, समोर मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम. तिन्हींपैकी फक्त सर्वांत मोठ्या मात्रेने मोजण्याजोगी घट दाखवली, आणि तीही मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. कारल्याच्या बियांमध्ये व्हायसिन असतं. ज्यांच्या रक्तपेशींत जन्मतः जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी अशा द्रव्याने फुटू शकतात, म्हणून त्यांनी कारल्याच्या बियांच्या आणि अर्काच्या वाटेला जाऊ नये.

गुडमारचं पान चघळून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहकांना जाऊन चिकटतात आणि काही वेळ गोडाची जाणीवच बंद पाडतात. हा परिणाम खरा आहे, कुणालाही स्वतः पाहता येतो, आणि गुडमारच्या जाहिराती याच एका करामतीवर उभ्या आहेत. जिभेवर साखर ‘मेली’ म्हणून रक्तातही ती मरते असं नाही. १९९० मध्ये त्याच्या अर्काचा एक अभ्यास आला होता. टाइप टूच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत दीड वर्षाहून जास्त काळ रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. साखर सुधारली, पाच जणांच्या गोळ्याही सुटल्या. पण कुणाला अर्क द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं आणि नकली गोळीचा गटही नव्हता. एवढ्या वर्षांत या अभ्यासाला तोलामोलाची मोठी जोड मिळाली नाही आणि तरी प्रत्येक डब्यावर त्याचाच हवाला असतो.

दारुहळदीतलं पिवळं द्रव्य

या सगळ्यांत खऱ्या अर्थाने औषधासारखं वागतं ते बर्बेरीन. दारुहळदीच्या आणि इतर काही झाडांच्या सालीतलं, मुळातलं हे गर्द पिवळं द्रव्य. चीनमध्ये ते आधी जुलाबावर दिलं जायचं. २००८ मध्ये तिथल्या एका चाचणीत नुकताच मधुमेह झालेल्या ३६ जणांचे दोन गट केले. एकाला बर्बेरीन, दुसऱ्याला मेटफॉर्मिन, दोन्ही ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तीन महिन्यांत बर्बेरीन गटाचं एचबीए-वन-सी ९.५ वरून ७.५ वर आलं, म्हणजे मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड.

आता यात मेख कुठे आहे? एक तर ३६ माणसं म्हणजे फारच थोडी, आणि नंतरच्या बहुतेक चाचण्याही लहान व एकाच देशातल्या आहेत. दुसरं म्हणजे बर्बेरीन पेशींमधल्या ऊर्जाकेंद्रांच्या कामात हात घालतं, काहीसं मेटफॉर्मिनसारखंच. गोळी नको म्हणून जे घ्यायचं, ते आतून गोळीसारखंच वागणारं निघतं. फरक एवढाच की तोंडाने घेतलेल्या बर्बेरीनचा एक टक्काही धड रक्तात पोचत नाही आणि जेवढं पोचतं तेवढ्यात ते यकृतातल्या औषधं निकामी करणाऱ्या विकरांना अडवतं. त्यामुळे दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळी चढू शकते. अवयवारोपणानंतर घ्यायच्या सायक्लोस्पोरिनच्या बाबतीत हे प्रत्यक्ष दिसलं आहे. गरोदरपणी आणि अंगावर पाजणाऱ्या आईने बर्बेरीन अजिबात घेऊ नये. नवजात बाळाच्या रक्तात ते बिलिरुबिन या काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला त्याच्या वाहक प्रथिनावरून ढकलतं आणि सुटलेलं बिलिरुबिन मेंदूपर्यंत जाऊ शकतं. समाजमाध्यमांवर २०२३ मध्ये याच बर्बेरीनला वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा ‘नैसर्गिक भाऊ’ म्हणून मिरवलं गेलं. त्या इंजेक्शनांच्या कामाच्या पद्धतीशी त्याचं काही नातं नाही, आणि त्याने वजन उतरतं ते फारच थोडं.

एक प्रयोग मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. टोरांटोतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग घेतल्यावर ग्लुकोज प्यायलेल्या माणसांची साखर कमी चढते. छान निकाल. २००३ मध्ये त्याच गटाने जिनसेंगच्या दुसऱ्या खेपेवर तसाच प्रयोग केला. वनस्पती तीच. साखरेवर परिणाम काहीच नाही. तपासलं तर या खेपेत जिनसेनोसाइड या घटकांचं प्रमाण कमी भरलं. त्यांनी आपलं अपयश छापलं हे त्यांचं मोठेपण. वनस्पती ही काही एकसारख्या गोळ्या पाडणारा साचा नव्हे. माती, पाऊस, झाडाचं वय, तोडणीचा महिना, वाळवण्याची आणि साठवण्याची रीत, सगळ्यांनी तिच्यातली रसायनं बदलतात. म्हणून ‘अमुक वनस्पतीवर संशोधन झालंय’ हे वाक्य खरं असलं, तरी तुमच्या हातातल्या डब्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

‘पण मला फरक पडला’

हे वाक्य बोलणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांच्या रिपोर्टवर आकडे खरंच उतरलेले असतात. ते कशाने उतरले, एवढाच मुद्दा आहे.

चूर्ण कधी सुरू होतं ते पाहा. साखर नेहमीपेक्षा वाईट आली, माणूस घाबरला, तेव्हा. रक्तातली साखर रोज वरखाली होतच असते. झोप, ताण, सर्दी-ताप, आदल्या रात्रीचं जेवण, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. सर्वांत वाईट आकड्यानंतरचा आकडा बहुधा त्याहून बरा येतो, मध्ये काही केलं नसलं तरी. त्यात घरच्या मीटरची हद्द वेगळी. खरी साखर १६० असेल तर आंतरराष्ट्रीय मानकात बसणाऱ्या मीटरवर १३६ ते १८४ मधला कुठलाही आकडा दिसू शकतो, कारण पंधरा टक्क्यांची चूक त्याला माफ आहे. ‘१७५ होती, चूर्णाने १५० झाली’ या वाक्यातला सगळा फरक मीटरच्या पोटातला असू शकतो.

आणि घाबरलेला माणूस नुसतं चूर्ण घेऊन थांबत नाही. तो चालायला लागतो, गोड तोडतो, विसरलेल्या गोळ्या वेळेवर घेतो. याची ताकद किती, ते अमेरिकेतल्या ३२३४ जणांवरच्या मधुमेह प्रतिबंध चाचणीने २००२ मध्ये मोजून दाखवलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चालण्याची ही कमाई चूर्णाच्या खात्यावर जमा होते. म्हणून चाचणीत नकली गोळीचा गट लागतो. तोही चालतो, तोही घाबरलेला असतो, आणि अनेकदा त्याचेही आकडे सुधारतात.

‘वर्षभर हर्बल करून बघू, नाही जमलं तर गोळ्या आहेतच,’ हा विचार वरवर समंजस वाटतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याचा पाया काढून घेतला आहे. युकेपीडीएस नावाच्या या अभ्यासात नुकताच टाइप टू झालेल्या हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. १९९८ च्या निकालात नेटाने उपचार घेणाऱ्यांचं एचबीए-वन-सी ७.० होतं आणि साधे उपचार घेणाऱ्यांचं ७.९. एवढ्याशा फरकाने डोळे, मूत्रपिंडं यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान २५ टक्क्यांनी कमी झालं. त्याहून महत्त्वाचं २००८ मध्ये कळलं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती, तरी सुरुवातीला साखर आवरलेल्यांचा फायदा दहा वर्षांनीही टिकून होता. सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही. आणि या वर्षांत काही दुखत-खुपत नसतं, म्हणून नेमकी तीच प्रयोगांत घालवावीशी वाटतात. वर सांगितलेल्या वनौषधींच्या चाचण्या डोळे, मूत्रपिंड, हृदय वाचतं का इथपर्यंत सहसा जात नाहीत. बहुतेक साखरेच्या आकड्याशी थांबतात.

चूर्ण फारच गुणकारी निघालं तर

२००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या पाच सरकारी रुग्णालयांत १५० माणसं साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेल्या अवस्थेत दाखल झाली. एक सोडून सगळे पुरुष, आणि मधुमेह यांपैकी कुणालाच नव्हता. बहुतेकांच्या रक्तात किंवा लघवीत ग्लिबेनक्लामाइड सापडलं. हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारं मधुमेहाचं जुनं औषध. त्याचा माग लैंगिक शक्ती वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांपर्यंत गेला. त्यांतली काही उत्पादनं ‘हर्बल’ होती. सात जण दीर्घकाळ बेशुद्धच राहिले, त्यांतले चार दगावले.

मधुमेहाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालातही हे घडलं आहे. कॅलिफोर्नियात २००० साली काही ‘वनस्पतीजन्य’ कॅप्सूल परत मागवल्या गेल्या. त्यांत ग्लिबेनक्लामाइड होतंच, शिवाय फेनफॉर्मिन होतं. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं मरतात म्हणून फेनफॉर्मिन अमेरिकेने १९७७ मध्येच बाजारातून काढलं होतं. त्यामुळे माझा एक साधा नियम आहे. एखाद्या चूर्णाने आठवड्याभरात साखर धाडकन उतरली, तर आनंद मानण्याआधी त्यात काय मिसळलंय याची शंका घ्यावी. अस्सल झाडपाला एवढा वेगवान सहसा नसतो.

भेसळ नसली तरी यकृताचा प्रश्न उरतोच. हळदीचा अर्क काळ्या मिरीच्या पिपेरिनसोबत दिला की शरीरात जास्त शोषला जातो, म्हणून तसाच विकला जातो. गेल्या काही वर्षांत इटली आणि अमेरिकेत अशा पूरकांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांत एचएलए-बी-३५:०१ हा एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. म्हणजे शंभरांना सोसेल ते एखाद्याला मुळीच सोसत नाही, आणि तो एखादा कोण हे आधी कळत नाही. गुळवेलीबाबतही यकृताच्या अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत.

हे सगळं वाचूनही कुणी घेणारच असेल, तर त्याने चालू गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने थांबवू नये, ही पहिली अट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून साखर उतरवणारा अर्क घेतला तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, छाती धडधडणं, काही सुचेनासं होणं ही लक्षणं घरातल्यांनाही ठाऊक असावीत. एका वेळी एकच पूरक सुरू करावं, तेही आधी एचबीए-वन-सी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून. तीन महिन्यांनी त्याच तपासण्या पुन्हा कराव्यात, कारण त्याआधीचा एचबीए-वन-सी पुरतं चित्र दाखवत नाही. फरक नसेल तर डबा बंद. दहा-बारा वनस्पतींची मिश्रणं मी तरी हातात घेणार नाही. त्रास झाला तर कुणामुळे, फायदा झाला तर कुणामुळे, काहीच उमजत नाही.

आणि डॉक्टरांना सांगावं. बरेच जण बोलणी खावी लागतील या भीतीने लपवतात. मग डॉक्टर बिघडलेल्या तपासणीचं कारण भलतीकडेच शोधत बसतात. नुसतं नाव सांगून भागत नाही, डबाच सोबत न्यावा. वनस्पतीचा कोणता भाग, किती मिलिग्रॅम, आणखी काय मिसळलंय हे त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं, निदान असायला हवं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हा डबा भूलतज्ज्ञांनाही दाखवायचा. बहुतेक जण असली पूरकं किमान दोन आठवडे आधीच थांबवायला सांगतात.